कुलूप कोणाचे, किल्ली कोणाची? अँड्रॉइडच्या बूटलोडरचा इतिहास

#धागा #इतिहास

१/ घरातल्या एखाद्या कप्प्यात पडून असलेला आठ-दहा वर्षांपूर्वीचा स्मार्टफोन आठवा. पडदा शाबूत आहे, स्पर्श कळतो, बॅटरी बदलली तर तो दिवसभर चालेलही. तरी तो 'जुना' ठरला, कारण कंपनीने त्याला नवी ऑपरेटिंग सिस्टिम पाठवणे थांबवले. धडधाकट यंत्राला निवृत्त करण्याचा अधिकार कोणाचा? २००८ पासून चाललेल्या या वादाच्या मध्यभागी बूटलोडर नावाचा एक छोटासा प्रोग्राम आहे. आजचा धागा त्याच्या कुलपाविषयी.

२/ आधी एक गल्लत दूर करू. फोन 'अनलॉक' करणे या एकाच शब्दाखाली तीन वेगळ्या गोष्टी येतात. सिमलॉक काढला की दुसऱ्या कंपनीचे सिम चालते. 'रूट' मिळवले की चालू असलेल्या सिस्टिममध्ये सर्वाधिकार हाती येतात. बूटलोडर उघडला की मुळात कोणती सिस्टिम चालवायची, हेच मालक ठरवू शकतो. पहिल्यात जाळे बदलते, दुसऱ्यात घरातली खोली उघडते, तिसऱ्यात घराचा पायाच आपल्या ताब्यात येतो.

३/ फोनचे बटण दाबल्यावर चिपमध्ये कायमची कोरलेली काही आज्ञावली प्रथम जागी होते. ती बूटलोडरला उठवते, बूटलोडर लिनक्स कर्नलला आणि कर्नल उरलेल्या सिस्टिमला. कुलूपबंद फोनमध्ये प्रत्येक पायरी पुढच्या पायरीवरची कंपनीची डिजिटल सही तपासते. सही जुळली नाही तर दार उघडत नाही. ही सही करण्याची गुप्त किल्ली फक्त कंपनीकडे असते. फोन तुमचा, पण त्यावर काय चालावे यासाठी परवानगी दुसऱ्याची, अशी ही रचना.

४/ हा पेच अँड्रॉइडहून जुना आहे. १९९९ मध्ये बाजारात आलेले टिवो हे दूरचित्रवाणी-मुद्रण यंत्र लिनक्सवर चालत असे. परवान्यातील अटीप्रमाणे कंपनीने बदललेला सोर्स कोड खुला केला. मात्र कोणी त्यात फेरफार करून तो यंत्रात घातला, तर यंत्र तो चालवण्यास नकार देई. रिचर्ड स्टॉलमन यांनी या प्रकाराला 'टिवोआयझेशन' म्हटले आणि २००७ च्या जीपीएल परवान्याच्या तिसऱ्या आवृत्तीत त्याला मज्जाव केला. लिनक्स कर्नल मात्र दुसऱ्याच आवृत्तीवर राहिला. पुढच्या साऱ्या कथेचे बीज इथे आहे: कोड खुला, यंत्र बंद.

५/ २१ ऑक्टोबर २००८ रोजी अँड्रॉइडचा सोर्स कोड जगापुढे आला. दुसऱ्याच दिवशी अमेरिकेत पहिला अँड्रॉइड फोन, म्हणजे एचटीसीने बनवलेला टी-मोबाइल जी १, विक्रीस आला. ५२८ मेगाहर्ट्‌झचा प्रोसेसर, १९२ एमबी रॅम आणि पडद्यामागून सरकत बाहेर येणारा कीबोर्ड. सिस्टिम कशी लिहिली आहे ते कोणीही वाचू शकत होते. पण त्यात चार ओळी बदलून ती आपल्याच जी १ वर चालवण्याची मुभा ग्राहकाला नव्हती.

६/ पहिली फट मिळाली ती योगायोगाने. एका ग्राहकाने आपला फोन बंद करून पुन्हा सुरू केला आणि मैत्रिणीला उशिराचे कारण कळवण्यासाठी 'रीबूट' हा शब्द टाइप केला. फोन लगेच पुन्हा बंद होऊन सुरू झाला! कारण असे, की कीबोर्डवरील प्रत्येक अक्षर मागे दडलेल्या एका आज्ञा-खिडकीतही जात होते आणि ती खिडकी सर्वाधिकारांनिशी चालत होती. 'टेलनेटडी' एवढे टाइप केले की बाहेरून जोडणी करता येई आणि फोनचे रूट हाती येई.

७/ गूगलने नोव्हेंबर २००८ मध्ये आरसी ३० या आवृत्तीतून ही चूक दुरुस्त केली. सुरक्षेच्या दृष्टीने ते योग्यच होते. पण स्वतःच्या फोनवर ताबा हवा असलेल्यांनी उलट वाट धरली. त्यांनी मेमरी कार्डवरून मुद्दाम जुनी आरसी २९ आवृत्ती घातली, त्या फटीतून आत शिरून रूट मिळवले आणि मग फेरफार केलेली सिस्टिम बसवली. 'जीझसफ्रीक' या टोपणनावाच्या प्रोग्रामरने बांधलेल्या आवृत्त्या तेव्हा विशेष लोकप्रिय होत्या. अशा बांधणीला लोक 'कस्टम रॉम' म्हणू लागले.

८/ गूगलची स्वतःची भूमिका दुहेरी होती. डिसेंबर २००८ मध्ये कंपनीने नोंदणीकृत विकसकांसाठी ३९९ डॉलरला 'अँड्रॉइड डेव्ह फोन १' उपलब्ध केला. यंत्र जी १ चेच, बूटलोडर मात्र उघडा. म्हणजे कुलूप ही तांत्रिक अपरिहार्यता नव्हती, हे विक्रेत्यानेच दाखवून दिले. तेच यंत्र विकसकाला उघडे मिळे आणि सामान्य ग्राहकाला बंद. कोणाला मोकळीक द्यायची, हा धोरणाचा प्रश्न होता.

९/ २००९ मध्ये 'सायनोजेन' या नावाने वावरणारे स्टीव्ह कोंडिक यांनी जीझसफ्रीकच्या कामाचा धागा पुढे नेला आणि सायनोजेनमॉड जन्मास आले. जी १ चा अधिकृत प्रवास अँड्रॉइड १.६ वर थांबला. सायनोजेनमॉड ६ ने त्याच फोनवर २.२ चालवून दाखवले. जागा अपुरी पडे म्हणून काहींनी अंतर्गत साठवणीची वाटणीच बदलणारा नवा बूटलोडर घातला. क्रम चुकला तर फोनची कायमची 'वीट' होई, म्हणून त्याला नाव पडले 'डेंजर एसपीएल'. स्वातंत्र्याची ही किंमत प्रत्येकाने स्वतःच्या खिशातून मोजायची होती.

१०/ सप्टेंबर २००९ मध्ये गूगलने कोंडिक यांना नोटीस धाडली. आक्षेप अँड्रॉइडवर नव्हता. जीमेल, नकाशे, यूट्यूब, मार्केट ही गूगलची बंद अ‍ॅप्स परवान्याविना वाटली जात होती. तोडगा असा निघाला की रॉममध्ये फक्त खुला कोड राहील आणि गूगलची अ‍ॅप्स वेगळी घालावी लागतील. आजही कस्टम रॉम आणि गूगल अ‍ॅप्स या दोन निरनिराळ्या फाइली असतात, त्याचे मूळ या नोटिशीत आहे. 'अँड्रॉइड खुले आहे' या वाक्याची सीमारेषा त्या दिवशी स्पष्ट झाली.

११/ ५ जानेवारी २०१० रोजी आलेल्या नेक्सस वनने नवा पायंडा पाडला. संगणकाला फोन जोडून 'फास्टबूट ओईएम अनलॉक' ही एक आज्ञा द्यायची. पडद्यावर वॉरंटी जाईल असा इशारा येई, संमती दिली की कुलूप उघडे. पुढे उघडताना फोनमधील सारी माहिती पुसण्याचाही नियम रूढ झाला. वरवर हा जाच वाटतो, पण त्यामागे कारण आहे. माहिती न पुसता कुलूप उघडता आले असते, तर चोरालाही ते उघडून तुमचे फोटो आणि संदेश वाचता आले असते.

१२/ सगळ्यांनी हा कित्ता गिरवला नाही. मोटोरोलाचा ड्रॉइड अमेरिकेत तुलनेने मोकळा होता. त्याचाच जुळा भाऊ माइलस्टोन इतरत्र विकला गेला तो पक्क्या कुलपासह. त्याचा बूटलोडर उघडला न गेल्याने हौशी प्रोग्रामरांनी वेगळी युक्ती काढली. कंपनीचा सहीचा कर्नल तसाच ठेवायचा, तो सुरू झाला की मध्येच सूत्रे हाती घेऊन वरची सिस्टिम आपली चालवायची. पाया दुसऱ्याचा, मजला आपला. ही कसरत वर्षानुवर्षे चालली, आणि कर्नल जुनाच राहिल्याने तिला मर्यादाही पडल्या.

१३/ मग कायदा आणि बाजार या दोन्ही आघाड्यांवर हालचाल झाली. २६ जुलै २०१० रोजी अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाने कॉपीराइट कायद्यातून सवलत दिली. आपल्या फोनवर आपल्या पसंतीची अ‍ॅप्स चालवण्यासाठी त्याचे कुलूप तोडणे हा गुन्हा राहिला नाही. ही मागणी इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनची होती, विरोध अ‍ॅपलचा. मे २०११ मध्ये ग्राहकांच्या रोषापुढे नमून एचटीसीचे प्रमुख पीटर चाऊ यांनी यापुढे बूटलोडर कुलूपबंद ठेवणार नाही असे जाहीर केले. सवलतीने कुलूप तोडणाऱ्याला संरक्षण मिळाले. किल्ली देण्याची सक्ती मात्र कंपनीवर आली नाही.

१४/ हा इतिहास आपल्या भाषेपासून दूर नाही. अँड्रॉइड २.२, २.३ च्या काळात अनेक फोनवर मराठी संदेश उघडला की रिकाम्या चौकोनांची रांग दिसे, कारण देवनागरीचा फाँटच नसे. काही कंपन्यांनी भारतात विकलेल्या फोनमध्ये आपल्या परीने सोय केली होती, बाकीच्यांचे काय? ऑपेरा मिनीच्या छुप्या सेटिंगमध्ये जाऊन अक्षरे चित्ररूपाने मागवण्याची युक्ती तेव्हा तोंडोतोंडी पसरली होती. पण ती फक्त ब्राउझरपुरती. एसएमएस आणि संपर्कयादीतले चौकोन तसेच राहत.

१५/ फाँटच्या फाइली सिस्टिमच्या बंद विभागात असतात. तिथे देवनागरी फाँट ठेवायचा तर रूट हवे. म्हणजे मातृभाषा वाचण्यासाठी वॉरंटीवर पाणी सोडायचे! एवढे करूनही अक्षरांची जुळणी करणारी यंत्रणा नसल्याने ऱ्हस्व वेलांटी भलत्या जागी पडे आणि जोडाक्षरे पाय मोडून उभी राहत. अँड्रॉइड ४.० मध्ये देवनागरीची व्यवस्था मुळातच आली. ज्यांचा फोन कंपनीने २.३ वर सोडून दिला, त्यांच्यासाठी ४.० वर आधारलेले सायनोजेनमॉड ९ हा नीट मराठी वाचण्याचा एक मार्ग ठरला.

१६/ मराठीत संपूर्ण मेनू आले ते २०१४ च्या अँड्रॉइड ५.० मध्ये. २०११ चा सॅमसंग गॅलेक्सी एस २ पाहा. कंपनीने त्याला २.३ पासून ४.१.२ पर्यंत आणले आणि हात आखडता घेतला. त्या हिशेबाने या फोनला मराठी मेनू कधीच दिसले नसते. पण त्याचा बूटलोडर नवी सिस्टिम घेत असे, म्हणून स्वयंसेवकांच्या बांधणीवर तो पुढे अँड्रॉइड ७.१ पर्यंत पोहोचला. यंत्र तेच, चिप तीच. बदलला तो फक्त 'आता पुरे' म्हणणारा.

१७/ दरम्यान चळवळीची कंपनी झाली. २०१३ मध्ये सायनोजेन इन्कॉर्पोरेटेड उभी राहिली, गुंतवणूकदारांचे कोट्यवधी डॉलर आले. एप्रिल २०१४ मध्ये वनप्लस वन हा फोन सायनोजेनची सिस्टिम घेऊनच जन्मला. त्याचा बूटलोडर एका आज्ञेने उघडे आणि त्यामुळे वॉरंटी जात नाही, असे वनप्लसचे धोरण होते. जी १ च्या काळी चोरवाटेने मिळवावी लागणारी गोष्ट सहा वर्षांत खोक्यावर छापून विकली जाऊ लागली. डिसेंबर २०१४ मध्ये तो भारतात आला, २१,९९९ रुपयांना.

१८/ आणि इथेच दिल्ली उच्च न्यायालयाचा प्रवेश होतो. सायनोजेनने भारतापुरते विशेष हक्क मायक्रोमॅक्सला, तिच्या 'यू' या नव्या नाममुद्रेसाठी दिले होते. मायक्रोमॅक्सने दावा लावला आणि १६ डिसेंबर २०१४ रोजी वनप्लसच्या सायनोजेनयुक्त फोनच्या भारतातील विक्रीस मनाई झाली. महिना संपण्यापूर्वीच खंडपीठाने तो आदेश बाजूला ठेवला. गंमत अशी, की जगभरातल्या स्वयंसेवकांच्या श्रमातून उभ्या राहिलेल्या सिस्टिमच्या नावावर देशापुरता एकाधिकार सांगितला जात होता. सायनोजेनमॉडचा खुला कोड मात्र त्या सर्व काळात कोणीही उतरवून घेऊ शकत होते.

१९/ कंपनी फार टिकली नाही. डिसेंबर २०१६ च्या शेवटी तिने आपल्या सेवा आणि सर्व्हर बंद केले. कोंडिक आधीच बाहेर पडले होते. व्यापारी नाव कंपनीपाशी राहिले, पण कोड खुला असल्याने त्याच आठवड्यात स्वयंसेवकांनी 'लिनिएजओएस' या नावाने काम सुरू केले. ज्या वनप्लस वनची अधिकृत सिस्टिम अँड्रॉइड ६ वर थांबली, त्याच फोनला लिनिएजओएसने अँड्रॉइड ११ पर्यंत नेले. लिनिएज म्हणजे वंश. कंपनी निर्वंश झाली, कोडचा वंश चालू राहिला.

२०/ तरीही अमरत्व कोणालाच नाही. कॅमेरा, मोडेम, ग्राफिक्स यांना चालवणारे कित्येक प्रोग्राम चिपनिर्मात्यांकडून बंद स्वरूपात येतात. ते जुने झाले की दुरुस्त करणारा कोणी नसतो. वनप्लस वनचा कर्नल लिनक्स ३.४ च्या पिढीतला आहे. वरचे मजले कितीही नवे बांधले तरी पाया तोच राहतो. २०१० मध्ये सुरू झालेल्या रेप्लिकंटने अशा बंद भागांना पूर्ण नकार दिला. २०१७ पासूनचे पोस्टमार्केटओएस अँड्रॉइड बाजूला सारून मूळ लिनक्सच जुन्या फोनवर आणू पाहते. उद्दिष्ट: फोनला दहा वर्षांचे आयुष्य.

२१/ आता दुसरी बाजू. कुलूप निव्वळ कंपनीच्या स्वार्थासाठी नाही. उघड्या बूटलोडरचा फोन चोराच्या किंवा हेराच्या हाती पडला तर तो त्यात गुपचूप बदललेली सिस्टिम घालू शकतो. म्हणून अँड्रॉइडने सुरू होतानाच सिस्टिमची पडताळणी करण्याची पद्धत पायरीपायरीने कडक केली. पाठोपाठ अ‍ॅप्सही विचारू लागली: हा फोन मूळ स्थितीत आहे का? अनेक बँकांची अ‍ॅप्स कुलूप उघडलेल्या फोनवर चालण्यास नकार देतात. सारे व्यवहार यूपीआयवर आलेल्या देशात हा नकार किरकोळ नाही.

२२/ दारेही एकेक करून बंद होत आहेत. हुआवेने २०१८ मध्ये अनलॉक कोड देणे थांबवले. शाओमीने २०१६ पासून परवानगी मागण्याची आणि ठरावीक काळ थांबण्याची अट घातली आणि ती पुढे अधिक कडक केली. मोबाइलचा धंदा गुंडाळल्यावर एलजीने २०२१ च्या अखेरीस अनलॉकची सेवाही आवरली. या शेवटच्या घटनेचा अर्थ नीट समजून घ्या. कंपनीने बाजार सोडला आणि जाताना विकलेल्या फोनांच्या किल्ल्याही घेऊन गेली.

२३/ मग सुरक्षितता आणि मालकी यांत एकच निवडायचे का? तसे नाही, याचा पुरावा अँड्रॉइडच्याच रचनेत आहे. सुरू होताना फोन रंगांनी आपली स्थिती सांगतो. हिरवा म्हणजे कंपनीच्या किल्लीने बंद, नारिंगी म्हणजे उघडा, लाल म्हणजे पडताळणी फसली. चौथा रंग पिवळा: कुलूप बंद, पण किल्ली मालकाने निवडलेली. २०१७ च्या पिक्सेल २ पासून गूगलच्या फोनमध्ये ही सोय आहे. ग्राफीनओएस तिच्याच आधारे वेगळी सिस्टिम बसवून बूटलोडर पुन्हा कुलूपबंद करते. पडताळणी कायम, विश्वास कोणावर ठेवायचा हे मालकाच्या हाती.

२४/ काही गोष्टी बदलल्याही आहेत. २०२३-२४ पासून गूगल आणि सॅमसंग आपल्या महागड्या फोनना सात वर्षे अपडेट देण्याचे वचन देतात. युरोपीय संघाचे नवे नियम २० जून २०२५ पासून लागू झाले; त्यांनुसार फोनची विक्री थांबल्यानंतरही किमान पाच वर्षे अपडेट मिळाली पाहिजेत. हे स्वागतार्ह आहे. पण सात वर्षे असोत वा पाच, मुदत ठरवणारा दुसराच कोणीतरी आहे. मुदत संपल्यावर किल्ली कोणाकडे राहील, हा प्रश्न या वचनांनी सुटत नाही.

२५/ तेव्हा कप्प्यातला तो फोन पुन्हा हाती घेतलात, तर दोन गोष्टी पाहा: त्याचा बूटलोडर उघडतो का, आणि त्याच नेमक्या मॉडेलसाठी कोणी आजही सिस्टिम बांधते आहे का. पहिल्याचे उत्तर कंपनीने कधीकाळी घेतलेल्या निर्णयात आहे, दुसऱ्याचे अनोळखी स्वयंसेवकांच्या चिकाटीत. जी १ च्या फटीपासून पिवळ्या रंगापर्यंतचा हा इतिहास एकच मागणी पुढे ठेवतो. दाराला कुलूप जरूर असावे. घर ज्याने विकत घेतले, त्याच्याकडे किल्लीही असावी.

धागा समाप्त. तुमच्या घरात कंपनीने सोडून दिलेला, तरी अजून चालता असलेला सर्वांत जुना फोन कोणता, आणि त्यावर आज काय चालते, ते खाली अवश्य लिहा.